शिंदे म्हणजे कोण?

(सरोजिनी नगर, लखनौ येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



लखनौत एखादा मराठी माणूस नव्याने भेटला की आपण त्याला पहिला प्रश्न कोणता विचारतो? प्रकृती नाही विचारत, हवापाणी नाही विचारत. "आडनाव काय?" हा पहिला. आणि त्याचं उत्तर तोंडातून बाहेर पडतं न पडतं तोच दुसरा, "मूळचे कुठले?" या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाली की आपल्याला वाटतं, माणूस कळला. खरंच कळतो का? आडनावाने नेमकं काय कळतं? आज एकच आडनाव हातात घेऊन ते तपासायचा माझा विचार आहे.

आधी या वस्तीच्या नावाबद्दल एक वाक्य, कारण ते विषयाला धरून आहे. सरोजिनी नायडू या स्वातंत्र्यानंतर या प्रांताच्या पहिल्या राज्यपाल. मार्च १९४९ मध्ये लखनौतच त्यांचं निधन झालं. जन्माने चट्टोपाध्याय, लग्नाने नायडू, एक बंगाली आणि एक तेलुगू. वस्तीने ही दोन्ही आडनावं बाजूला ठेवली आणि त्यांचं पाळण्यातलं नाव घेतलं. असं भाग्य फार थोड्यांच्या नशिबी येतं. तुमचं-माझं नाव कुठल्या रस्त्याला लागलंच तर आडनावासकट लागेल.

तपासायला आडनावं पुष्कळ होती. भोसले घेतलं असतं तर सभेत भांडण झालं असतं. मोरे घेतलं असतं तर मौर्यांपर्यंत जावं लागलं असतं आणि चालकांनी मला तासच दिला आहे. मी शिंदे घेतलं, कारण हे आडनाव दक्षिणेतून उत्तरेत आलं, इथे त्याचं रूप बदललं, आणि त्या बदललेल्या रूपाने मूळ आडनावाच्या कुळकथेतही ढवळाढवळ केली. तीन प्रश्न विचारतो. शब्द कुठून आला? घराणं कुठून आलं? आणि एकच आडनाव इतक्या जातींत कसं पसरलं?

हे प्रश्न आपल्यापुरते नाहीत. दक्षिण आफ्रिकेतल्या झुलू लोकांचं उदाहरण घ्या. आज झुलू म्हटलं की आपल्याला लाखो लोकांचा समाज दिसतो. मुळात ते एका कुळाचं नाव. मलांदेला नावाच्या माणसाचा मुलगा झुलू, त्याच्या वंशजांचं ते कूळ. शब्दाचा अर्थ आकाश. शेजारी कितीतरी कुळं होती, त्यांतलं हे एक लहानसं. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शाका नावाचा राजा त्यात निघाला, त्याने आसपासची कुळं जिंकली, आणि खुमालो काय, म्खिझे काय, सगळे जगाच्या लेखी झुलू झाले. घरात मात्र प्रत्येकाने आपापलं कुळनाव सांभाळलं. एका कुळात लग्न होत नाही. कुळाची पूर्वजांच्या नावांनी गुंफलेली बिरुदं असतात आणि आदराने हाक मारायची तर ती बिरुदं उच्चारतात. आता सांगा, यातलं आपल्याला परकं काय वाटतं? आपल्याकडे कूळ आहे, कुळात लग्न न करण्याचा दंडक आहे आणि देवक आहे.

तर पहिला प्रश्न, शब्दाचा. शिंदे या आडनावाचे तीन अर्थ लोक सांगतात.

पहिला अगदी जमिनीवरचा. शिंदी म्हणजे रानखजुराचं झाड, ज्यापासून ताडीसारखी शिंदी काढतात. जिथे शिंदीची बनं, तिथे गावांची नावं तशी. धुळ्याकडे शिंदखेडा आहे, बुलढाण्यात सिंदखेड राजा, वर्ध्याकडे सिंदी. विदर्भात शिंदीला सिंदीच म्हणतात. अशा गावचा, तो शिंदे. दुसरा अर्थ राजघराण्याचा. कर्नाटकात आणि दक्षिण महाराष्ट्रात सिंद नावाचं घराणं होतं, त्यांचे वंशज ते शिंदे. तिसरा अर्थ सिंधू नदीचा. उत्तरेत तो फार आवडीने सांगतात, त्याच्याकडे नंतर येतो.

व्याकरणाने पाहिलं तर सिंदचं शिंदे होणं सहज आहे. मराठीच्या तोंडी 'सि'चा 'शि' होतो. सीव् धातूपासून आपण शिवणे केलं, सिंच्‌पासून शिंपणे केलं. चालुक्यांचं साळुंखे झालं, यादवांचं जाधव झालं, कदंबांचं कदम झालं, तसं सिंदांचं शिंदे. इथपर्यंत कोणाची हरकत नसावी. हरकत पुढे सुरू होते. शब्द शब्दापासून आला, एवढ्यावरून माणूस माणसापासून आला असं ठरतं का?

सिंदांची गोष्ट ऐकण्यासारखी आहे, आणि लखनौकरांनी तर मुद्दाम ऐकावी. बागलकोटजवळ भैरनमट्टी नावाचं गाव आहे. तिथल्या जुन्या शिलालेखात सिंद राजांनी आपला जन्म सांगितला आहे. नागराज धरणेंद्र. त्याला एक मानवी पुत्र झाला, आजानुबाहू, त्याचं नाव सिंद. वाघिणीच्या दुधावर तो वाढला. आणि जन्मला कुठे? अहिच्छत्रात! अहिच्छत्र म्हणजे आपल्या बरेली जिल्ह्यातलं रामनगर. कृष्णा-मलप्रभेच्या काठचा राजा दगडावर कोरून सांगतो की आमचा मूळ पुरुष तिकडे, आजच्या उत्तर प्रदेशात झाला.

हा एकटा नाही बरं का. म्हैसूरकडच्या गंगांनी अहिच्छत्राशी नातं सांगितलं. चालुक्यांनी तर आपले पूर्वज अयोध्येला राज्य करत होते असं लिहून ठेवलं. का? कारण दक्षिणेतल्या नव्या राजाला उत्तरेतलं जुनं, पुराणातलं गाव हवं असे. त्याशिवाय दरबारातल्या पंडितांना आणि शेजारच्या राजांना तो खानदानी वाटत नसे. गंमत पाहा, त्या राजांना बरेलीचं गाव हवं होतं आणि आज बरेलीत नोकरी करणाऱ्या शिंद्यांना साताऱ्याचं हवं असतं.

मी आज जे सांगायला आलो आहे ते इथे आहे. आडनाव आणि कुळकथा ही सांगितलेली गोष्ट असते. कोणीतरी, कधीतरी, कोणापुढे तरी ती सांगतो आणि त्यातून त्याला काही हवं असतं. म्हणून कुठलीही कुळकथा ऐकली की मी विचारतो, ही कोणापुढे सांगितली? खरी की खोटी, हा प्रश्न त्यानंतरचा.

सिंदांच्या अनेक शाखा झाल्या. येलबुर्ग्याची एक शाखा कल्याणीच्या चालुक्यांची मांडलिक होती. तिच्यातल्या आचुगीने सहाव्या विक्रमादित्याच्या बाजूने होयसळांशी लढाया केल्या. तिकडे बस्तरात छिंदक नाग राज्य करत, तेही स्वतःला नागवंशी आणि भोगवती नगरीचे स्वामी म्हणवत. आणि आपल्या कामाची गोष्ट म्हणजे कऱ्हाडचा मुलूखही सिंदांच्या एका शाखेकडे होता. कऱ्हाड कुठे आणि पुढे ग्वाल्हेरला राज्य करणाऱ्या शिंद्यांचं मूळ गाव कण्हेरखेड कुठे? दोन्ही सातारा जिल्ह्यात. झालं! वंशावळ लिहिणाऱ्याला आणखी काय पाहिजे?

पण सिंद तेराव्या शतकाच्या सुमाराला मावळले आणि कण्हेरखेडचे शिंदे कागदावर ठळक दिसतात ते सतराव्या-अठराव्या शतकात. मधल्या चारशे वर्षांवरून चालत जाता येईल अशी सलग वंशावळ नाही. प्रदेश तोच, नाव तेच, म्हणून संभव मोठा आहे, हे मी मानतो. त्यापलीकडे जाणाऱ्याने कागद दाखवावा.

काही जण नागाकडे बोट दाखवतात. सिंद नागवंशी आणि ग्वाल्हेर संस्थानच्या राजचिन्हात सूर्याबरोबर नाग. ग्वाल्हेरचे महादजी शिंदे उघड्यावर झोपले असताना नागाने फणा धरून सावली केल्याची कथाही सांगतात. जोडायचा मोह कोणालाही होईल. पण नागाच्या फण्याची सावली या देशात किती राजांवर पडली आहे! आणि माझी एक शंका आहे. सिंदांच्या चिन्हात वाघ होता, वाघिणीच्या दुधाची कथा तर मी आत्ताच सांगितली. नाग जर वारशाने ग्वाल्हेरपर्यंत आला असेल, तर वाघ वाटेत कुठे राहिला?

आता घराण्याकडे. कण्हेरखेड हे कोरेगाव तालुक्यातलं गाव, शिंदे तिथले पाटील. या घराण्याविषयी दोन गोष्टी प्रसिद्ध आहेत आणि दोन्ही एकमेकींशी भांडतात. एक गोष्ट जॉन माल्कमने १८२३ साली छापलेल्या मध्य हिंदुस्थानच्या वृत्तांतात आहे. महादजींचे वडील राणोजी शिंदे पेशव्याचे जोडे सांभाळायला होते. एकदा पेशवे बाहेर येऊन पाहतात तर राणोजी झोपलेले, पण जोडे छातीशी घट्ट धरलेले. ती निष्ठा पाहून त्यांना वर चढवलं. दुसरी गोष्ट त्याआधीची. शाहू महाराज औरंगजेबाच्या छावणीत कैदेत असताना त्यांची लग्नं लावून दिली, त्यांतली एक मुलगी सिंदखेडच्या जाधवांची आणि एक कण्हेरखेडच्या शिंद्यांची. छत्रपतींना मुलगी देणारं घर जोडे सांभाळतं का?

दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, एवढंच मी म्हणेन. पाटलाच्या घराला शाखा असतात. एका भावाकडे वतन, दुसऱ्याकडे शिलेदारी आणि तिसऱ्याच्या घरी चूल पेटण्याची भ्रांत, असं आपल्या घराण्यांत झालेलं नाही का? आडनाव तिघांचं एकच. पण कोणती गोष्ट कोणी सांगितली हे पाहा. जोड्यांची गोष्ट इंग्रज अधिकाऱ्याने छापली, आणि त्या काळी इंग्रजांना मराठा सरदार कालपरवा वर आलेले दाखवण्यात रस होता. नागाची आणि थोर वंशाची गोष्ट दरबारच्या भाटांनी सांगितली. त्यांचा रस वेगळा सांगायला नको.

या दोघांपेक्षा मला गावातला शिंदे जास्त विश्वासाचा वाटतो. वतनाचा तंटा उभा राहिला की गोतसभा बसे. पाटील, देशमुख, बलुतेदार, सगळ्यांसमोर वादी आणि प्रतिवादी आपापला करीना लिहून देत. करीना म्हणजे घराण्याची हकिकत. आमचा मूळ पुरुष अमुक, त्याने गाव वसवलं, त्याला इतके मुलगे, थोरल्याकडे पाटीलकी, धाकटा दुष्काळात परागंदा झाला, त्याचा नातू आज हक्क सांगतो. मग साक्षी, मग दिव्य करायची वेळ आली तर तेही, आणि शेवटी महजर, म्हणजे निवाड्याचा कागद. इथे थापा मारणं अवघड होतं, कारण समोरचा भाऊबंद तीच वंशावळ पाठ करून आलेला असे. या कागदांत नागराज नसतो, अहिच्छत्र नसतं. विहीर, बांध, होळीचा मान, पोळ्याला कोणाचा बैल पुढे, हे असतं. आडनाव आपल्याकडे कशासाठी टिकलं असं मला कोणी विचारलं तर मी म्हणेन, पहिलं कारण वतन आणि दुसरं सोयरीक. रक्ताचा अभिमान फार मागाहून आला.

म्हणून महादजींचं वागणं मला कळतं. १७८४ साली दिल्लीच्या बादशहाकडून वकील-इ-मुतलक झालेला, उत्तर हिंदुस्थानचा सूत्रधार म्हणावा असा हा माणूस स्वतःला पाटील म्हणवून घेई. लोकही पाटीलबावा म्हणत. किताबांना काय तोटा होता? पण किताब बादशहा देतो आणि काढूनही घेतो. पाटीलकी गोतापुढे सिद्ध झालेली असते. भाऊ दत्ताजी बुराडी घाटावर जानेवारी १७६० मध्ये पडले, पुतणे जनकोजी पुढच्या वर्षी पानिपतानंतर मारले गेले, महादजी पायाची जखम जन्मभर वागवत राहिले. इतकं सगळं उत्तरेत होऊन माणूस कण्हेरखेडची पाटीलकी विसरला नाही.

उत्तरेत राज्य स्थिरावलं आणि शिंदेचं सिंधिया झालं. इंग्रजांनी लिहिताना त्यात एक मुका 'सी' घातला. आता सिंधिया म्हटल्यावर कोणालाही सिंध आणि सिंधू आठवणारच. मी मघा तिसरा अर्थ राखून ठेवला होता, त्याला खतपाणी इथे मिळालं. आधी नाव बदललं, मग बदललेल्या नावाला शोभेल असा उगम सापडला. तुमच्यापैकी एखाद्या शिंद्यांना इथल्या कचेरीत "सिंधिया के रिश्तेदार हैं?" असं विचारलं असेल. त्यांनी काय उत्तर दिलं ते मला नंतर खासगीत सांगा.

नाव बदलण्यावरून बिठूरला येऊन राहिलेल्या पेशव्यांचंही थोडं बोलून घेऊ, बिठूर कानपूर रोडने पुढे आहे. पेशवे घराणं श्रीवर्धनच्या भटांचं, पण पद इतकं चिकटलं की भट मागे पडून पेशवे हेच आडनाव झालं. त्यांच्या पदरचे तात्या टोपे जन्माने येवलेकर. टोपे का झाले याच्या दोन-तीन कथा आहेत, टोपीची आहे, तोफेची आहे. १८५९ च्या एप्रिलमध्ये शिवपुरीला फाशी गेला तो टोपेच.

तिसरा प्रश्न उरतो आणि तोच मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. शिंदे कोण? मराठे शिंदे आहेत, धनगर शिंदे आहेत, माळी, मांग, महार शिंदे आहेत. जमखंडीला १८७३ साली जन्मलेले विठ्ठल रामजी शिंदे मराठा. आयुष्य त्यांनी अस्पृश्यतानिवारणाला वाहिलं. जमखंडी बागलकोट जिल्ह्यात, म्हणजे सिंदांच्या ऐन मुलखात, हा योगायोग मला सांगितल्यावाचून राहवत नाही. प्रल्हाद शिंदे यांच्या आवाजात विठ्ठलाची गाणी आणि भीमगीतं दोन्ही घरोघर गेली. सोलापूरचे सुशीलकुमार शिंदे दलित समाजातून येऊन मुख्यमंत्री आणि पुढे देशाचे गृहमंत्री झाले. या सगळ्यांचा मूळ पुरुष तो वाघिणीचं दूध प्यायलेला एकच सिंद मानायचा का?

मानायचा नसेल तर हे नाव सगळ्यांकडे कसं गेलं? काही ठिकाणी सरदाराच्या पथकातले लोक सरदाराचं नाव लावू लागले असतील. काही ठिकाणी शिंदेवाडीत राहणारा प्रत्येक जण बाहेरगावी शिंदे झाला. आणि हेही होऊ शकतं की कूळ आधीचं आणि जातीच्या भिंती नंतर पक्क्या झालेल्या. माझा कल या तिसऱ्या शक्यतेकडे बराच आहे. पण शहाण्णव कुळीच्या याद्या हातात घेऊन बसणाऱ्यांना ती रुचत नाही. त्या याद्या एकमेकींशी जुळत नाहीत, हे त्यांनाही माहीत असतं.

आणि शाळेचा हजेरीपट विसरू नका. इंग्रजी अमदानीत शाळा, पलटण, कचेरी यांनी प्रत्येकाला विचारलं, आडनाव सांग. ज्यांनी कधी लावलं नव्हतं त्यांनीही सांगितलं. सकपाळांच्या घरचा एक मुलगा रत्नागिरीतल्या आंबडवे गावावरून आंबडवेकर म्हणून शाळेत दाखल झाला आणि पुढे आंबेडकर झाला. मंडणगड तालुक्यातल्या त्या लहान गावाचं नाव आज याच शहराच्या दक्षिण अंगाला, रायबरेली रोडवर, केंद्रीय विद्यापीठाच्या कमानीवर आहे. त्या नावासाठी कोणी नागराजाची कथा रचली नाही.

देवकाबद्दल बोलतो आणि आवरतं घेतो. लग्नाच्या आधी देवक बसवतात, तेव्हा कुळाचं झाड, वेल, पीस जे असेल ते मांडवात आणतात. मोऱ्यांचं मोराचं पीस, कदमांचा कळंब. आडनावं वेगळी आणि देवक एक निघालं तर जुने लोक सोयरीक मोडत. शिंद्यांचं देवक समुद्रवेल सांगतात, म्हणजे वाळूवर पसरणारी मर्यादवेल. कण्हेरखेडहून समुद्र किती लांब! काही शिंद्यांत दुसरंच झाड निघतं, यावरूनही सगळे शिंदे एका बुंध्याचे नाहीत हे दिसतं. इरावती कर्वे यांनी नातेसंबंधांचा अभ्यास करताना लग्न कोणाशी होतं आणि कोणाशी होत नाही याला इतकं महत्त्व दिलं ते उगाच नाही. माझी विनंती एवढीच, की तुमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांना देवक विचारून ठेवा. लखनौत तिसरी पिढी मोठी होते आहे. आडनाव आधार कार्डावर राहील, देवक कुठल्याच कार्डावर नाही.

पण देवक सांगणार कोण? बाई लग्न झालं की नवऱ्याचं देवक धरते. काशीला ज्ञानवापीच्या विहिरीवरचा खांबांचा मंडप १८२८ साली बायजाबाई शिंद्यांनी बांधला. महादजींच्या मागून गादीवर आलेल्या दौलतरावांच्या पत्नी म्हणून आपण त्यांना शिंदे म्हणतो. त्या कागलच्या घाटग्यांच्या लेक. उलट ताराबाई शिंदे पाहा. १८८२ साली 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिणारी ही बुलढाण्याची बाई बापूजी हरी शिंद्यांची मुलगी आणि जगाला माहीत आहे ती वडिलांच्याच आडनावाने. झुलूंमध्ये लग्न झालेल्या बाईला माहेरच्या कुळावरून हाक मारतात. खुमालोंची लेक सासरी माखुमालो म्हणून ओळखली जाते आणि म्हातारपणापर्यंत तशीच राहते. त्या हिशेबाने बायजाबाई जन्मभर घाटगेच राहिल्या असत्या.

महाराष्ट्र सरकारने १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव आणलं आहे. आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव. चांगलं झालं. इथल्या फॉर्मवर अजून 'पिता/पति का नाम' हीच ओळ प्रामुख्याने असते, तेव्हा तुम्हाला फरक जाणवेल. मात्र त्या क्रमात आईचं फक्त पहिलं नाव येतं. शिंद्यांच्या घरात आलेली मोऱ्यांची मुलगी आपल्या लेकरांच्या कागदावर येईल, पण मोरे म्हणून येणार नाही.